ऋण कोन आणि चित्र न काढण्याची कला

त्रिकोणमितीत प्रश्न येतो: साइन (−240°) ची किंमत काढा. तुमचं पहिलं कर्तव्य हे, की चित्र काढायचं नाही. चित्र म्हणजे एक वर्तुळ, एक आडवी रेघ, एक उभी आणि एक तिरकी. एवढ्यात उत्तर दिसायला लागलं तर दोन वर्षं क्लासची फी कशापायी भरली, असं घरचे विचारतील. त्यांना काय तोंड दाखवणार?

त्यापेक्षा सूत्रं पाठ करा. थीटा म्हणजे कुठलाही कोन. उणे थीटा, 90 उणे-अधिक थीटा, 180 उणे-अधिक थीटा, 270 चे दोन आणि 360 उणे थीटा, असे आठ प्रकार. साइन, कॉस, टॅन धरून गुणोत्तरं सहा. म्हणजे अवघी 48 सूत्रं. पावकी-निमकी घोकलेल्या पणजोबांचं रक्त तुमच्यात आहे, 48 ची काय कथा! परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी एकसारखीच वाटू लागली, की पाठांतर पक्कं झालं असं समजावं.

आता ऋण कोनाकडे वळू. कोनातलं उणे दिसलं की ते उचलून उत्तराच्या पुढे आणून ठेवायचं. साइन आणि टॅन याला हरकत घेत नाहीत: साइन (−थीटा) म्हणजे उणे साइन थीटा, टॅनचंही तसंच. कॉस मात्र घरातल्या त्या काकांसारखा आहे, ज्यांना उणं बोललेलं ऐकूच येत नाही. कॉस (−60°) सुद्धा ½ आणि कॉस 60° सुद्धा ½. आडव्या अक्षापासून 60° वर चढा नाहीतर खाली उतरा, आडवं अंतर, म्हणजे कॉस, तेवढंच राहतं, उंचीचं, म्हणजे साइनचं, तेवढं उलटं होतं. पण हे चित्रात दिसतं, म्हणून तुम्ही पाहू नका. कॉसलाही उणे लावा. भेदभाव बरा नव्हे.

उणे बाहेर आलं की हाती उरतं उणे साइन 240°. इथे पेन खाली ठेवायला शिकलं पाहिजे. प्रश्नात उणे होतं, तेव्हा उत्तर −√3/2. साइन 240° स्वतःच उणे असतो आणि दोन उणे मिळून अधिक होतात, असली भोचक चौकशी करणारे पोरगे पुढे गणितातच अडकतात.

दिशेचाही घोळ घालून ठेवलेला बरा. गणितात घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरलं तर कोन धन, काट्यांबरोबर फिरलं तर ऋण. या हिशेबानं आपल्या प्रदक्षिणा सगळ्या ऋणच. वटपौर्णिमेला वडाला सात फेरे घालणारी आजी −2520° फिरते. आता कुठे उभी आहेस, असं विचारलं तर म्हणते, "इथंच की!" 360 च्या पटी टाकून द्यायच्या हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता.

शंकराच्या देवळात तर आजीपासून चार हात लांबच राहा. तिथं पन्हळ ओलांडत नाहीत. एका बाजूनं पन्हळीपर्यंत जायचं, मागं फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हळीपाशीच यायचं. −240° आणि 120° हे असेच दोन बाजूंनी एकाच पन्हळीशी येऊन थांबलेले कोन. शेवटची बाजू एकच, म्हणून साइन, कॉस, टॅन सगळं तेच. आडव्या-उभ्या अक्षांनी वर्तुळाचे चार भाग पडतात, ते चरण. ती बाजू पडते दुसऱ्या चरणात, डाव्या आडव्या अक्षापासून 60° वर. हा 60° म्हणजेच संदर्भ कोन. दुसऱ्या चरणात साइन धन, साइन 60° म्हणजे √3/2, झालं गणित. आजीला यातलं काही सांगू नका, ती तोंडी सोडवेल आणि तुमची पंचाईत होईल.

संदर्भ कोन काढायचाच झाला तर तो उभ्या अक्षापासून मोजावा. 120 वजा 90, म्हणजे 30, उत्तर ½. आडव्या अक्षापासूनच का मोजायचा, हा प्रश्न वर्गात विचारणं म्हणजे इतरांचा वेळ खाणं. आर्यभटाचाही आदर्श ठेवू नये. त्यानं इ.स. 499 मध्ये 'ज्या'च्या, म्हणजे साइनच्या, सारणीसाठी 24 फरक दिले, 3 अंश 45 कलांच्या टप्प्यानं, आणि 90 अंशांवर हात झटकले. पुढचे चरण म्हणजे त्याच किमती, फक्त चिन्हं बदलून, हे कळल्यावर माणूस आळशी होतो तो असा.

चिन्हांसाठी 'आफ्टर स्कूल टू कॉलेज' आहेच: पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. यात एक सुधारणा सुचवतो. कोन ऋण असला की चरणही उलटे मोजायचे. −240° जाताना चौथा, मग तिसरा, मग दुसरा चरण लागतो. तुम्ही मोजा एक, दोन, तीन. तिसरा आला, तिथं टॅन धन, साइन उणे. पाहा, मघाचं चुकलेलं उत्तर पुन्हा आलं. दोन पद्धतींनी एकच उत्तर आल्यावर पडताळा झालाच की!

तरी धाकधूक वाटली तर घरी कॅल्क्युलेटर आहे. तो अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, ठेवलेला असावा. साइन 30 दाबलं की −0.988 येतं आणि पुस्तकच चुकलंय याची खात्री पटते.

एमएचटी-सीईटीत ऋण गुण नाहीत, त्यामुळे तिथं ही सगळी विद्या निर्धास्त वापरा. जेईई मेनमध्ये चुकलेल्या पर्यायाला उणे एक मिळतो. तो कॉसच्या कंसात नेऊन ठेवायची सोय अजून झालेली नाही.