मोठे कॅलिपर का बसवले नाहीत : आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायाला गॅरेजमालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि ज्या मुलाने आपल्या गाडीचे काम केले, त्यालाही समोर बसवून वाचून दाखवला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : आपल्या पोलो जीटी टीएसआयला चार पिस्टनचे मोठे कॅलिपर (पिस्टनच्या जोराने ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि ३३० मिलिमीटरच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) बसवून घेण्यासाठी आपण आला होतात, आम्ही ते काम न करता पुढचे पॅड आणि ब्रेक ऑईल बदलले, त्यानंतर ब्रेक किंचाळू लागले, सकाळचा पहिला ब्रेक धरत नाही असे वाटू लागले, आणि कोइम्बतूरच्या रेसिंग ट्रॅकवरून परत आल्यापासून ८० च्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. नागपुरात परफॉर्मन्सचे काम कोणाला कळत नाही, असेही आपण लिहिले आहे. त्या वाक्यावर मी काही बोलत नाही. बाकीच्यावर बोलतो, कारण त्यात चूक काही अंशी सरळसरळ आमची आहे.

ती आधी सांगतो. नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. आम्ही त्याला बेडिंग म्हणतो. मोकळ्या रस्त्यावर ८० च्या आसपासच्या वेगावरून २० पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावायचा आणि मग शक्यतो ब्रेकवर पाय न ठेवता पाच-सात किलोमीटर चालवत डिस्क थंड होऊ द्यायची. एवढे केले की पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पॅडमधल्या राळेतून पहिल्या तापात सुटणारा वायूही निघून जातो. हे काम आम्ही एरवी रविवारी पहाटे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यांवर करतो. आपली गाडी मात्र शनिवारी संध्याकाळी द्यायची होती, पाऊस लागला होता, आणि वर्धा रोडच्या गर्दीत चार-पाच ब्रेक मारून मुलाने गाडी परत आणली. जॉब कार्डवर 'बेडिंग झाले' अशी खूण आहे आणि तिच्याखाली सही माझी आहे. शिवाय पॅडच्या क्लिप आणि मागच्या शिम (आवाज दाबणाऱ्या पातळ पट्ट्या) नव्या न घालता जुन्याच घासून-पुसून लावल्या गेल्या. किंचाळण्याचे कारण बहुतांशी हेच असावे. त्या पॅडमध्ये धातूचे प्रमाण जास्त असल्यामुळे थोडा आवाज पुढेही राहील, पण व्हरायटी चौकाच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघेल एवढा तो नसावा.

आता कॅलिपरबद्दल. आपण पहिल्यांदा आलात तेव्हा सांगितले होते की ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर पेडल एकदम मऊ होऊन खाली जाते, दोनदा पंप केले की थोडे वर येते, आणि गाडी अर्धा तास उभी केली की जणू काही झालेच नव्हते. कॅलिपर लहान असल्याचे हे लक्षण नव्हे. ब्रेक ऑईल उकळल्याचे आहे. द्रव दाबला जात नाही, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय ते बुडबुडेच दाबत राहतो आणि पिस्टनपर्यंत जोर पोहोचत नाही. पॅड तापून निकामी झाले तर उलटे होते : पेडल दगडासारखे घट्ट राहते आणि गाडी मात्र थांबत नाही. आपल्या गाडीत पहिला प्रकार ठळक होता आणि दुसऱ्याची सुरुवात झालेली होती.

आपल्यासमोरच आम्ही ब्लीडरला, म्हणजे ऑईल बाहेर काढण्याच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, तेव्हा कोऱ्या चहाच्या रंगाचे ऑईल बाहेर आले, आणि पाण्याचे प्रमाण दाखवणाऱ्या पेनाचा लाल दिवा लागला. ते ऑईल तीन वर्षांत बदललेले नाही, असे आपणच सांगितले. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषून घेतलेल्या ऑईलसाठी तीच अट १५५ अंशांवर येते. आपल्याकडे बरेच जण याचा दोष मे महिन्याच्या उन्हाला देतात. बाहेर ४५ अंश असोत की २५, ट्रॅकवर ज्या डिस्क पाचशे अंशांच्या घरात जातात त्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही. ब्रेक ऑईलचा खरा वैरी पावसाळा आहे, कारण ते हवेतली ओल गुपचूप पीत राहते. म्हणून आम्ही ३०० अंशांच्या वर उकळणारे रेसिंगचे ऑईल भरले. ते रस्त्यावरच्या ऑईलपेक्षा लवकर बदलावे लागते, हे बिलावर लिहून दिलेले आहे.

गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रॅकवर १३० वरून ६० वर येताना ब्रेकला जी उष्णता सोसावी लागते, ती शहरात ५० वरून शून्यावर येण्याच्या पाचपटीहून जास्त असते, आणि शहरात पुढचा सिग्नल येईपर्यंत डिस्कला जो विसावा मिळतो तो ट्रॅकवर नसतो. पहिल्या फेरीत ब्रेक जोरात दाबला की एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागते, हेही आपणच सांगितले होते. याचा अर्थ मूळ ब्रेकमध्ये टायरची पकड संपवण्याइतका जोर आहे, आणि त्यापलीकडे कॅलिपरला चार पिस्टन असले काय किंवा सहा, गाडी कमी अंतरात थांबणार नाही. मोठी डिस्क जास्त उष्णता सामावून घेते. तिचा खरा उपयोग तोच. पण ३३० च्या डिस्कला साधारण १७ इंची चाके लागतात, म्हणजे चाके आणि टायर दोन्ही बदलणे आले. नव्या पिस्टनचे क्षेत्रफळ मूळ मास्टर सिलिंडरशी (पेडलचा जोर ऑईलवर देणाऱ्या भागाशी) जुळले नाही तर पेडलचा प्रवास लांबतो. आणि मागे ड्रम ब्रेक तसेच ठेवून फक्त पुढचा जोर वाढवला तर पुढची चाके लवकर लॉक होऊ पाहतात, एबीएस दाब सोडते आणि मागच्या ब्रेकच्या वाट्याचे काम होत नाही. मोठ्या कॅलिपर-डिस्कचे ते किट विकून मला या बिलाच्या कितीतरी पट पैसे मिळाले असते.

किट कधीच लागत नाही, असे माझे म्हणणे नाही. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर लांब सरळ पट्ट्यानंतर ब्रेक लावावा लागतो, तिथला हिशोब कोइम्बतूरच्या छोट्या ट्रॅकपेक्षा वेगळा आहे. चांगले ऑईल आणि ट्रॅकचे पॅड घालूनही डिस्कला भेगा पडू लागल्या, किंवा डिस्कच्या कडेला लावलेल्या उष्णतादर्शक रंगाने मर्यादा ओलांडल्याचे दाखवले, तर आधी हवेची नळी डिस्कपर्यंत नेऊ, आणि तेवढ्याने भागले नाही तर किटचे बोलू.

सकाळच्या पहिल्या ब्रेकबद्दल. आपण गाडी ट्रेलरवरून नेत नाही. हजार किलोमीटरहून जास्त अंतर तीच गाडी चालवत, वाटेतल्या पावसासह, जाता आणि येता. म्हणून आम्ही रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालतील असे मधले पॅड निवडले. निव्वळ रेसचे पॅड थंड असताना इतके कमी धरतात की छत्रपती चौकात पुढच्या गाडीला टेकल्यावरच ते कळले असते. तरीही एक पर्याय आम्ही सुचवायला हवा होता आणि सुचवला नाही : ट्रॅकच्या पॅडचा वेगळा संच डिकीत न्यायचा, तिथे पोहोचल्यावर बदलायचा आणि परतताना पुन्हा रस्त्याचे पॅड चढवायचे. दोन्ही पॅड एकाच घराण्यातल्या मिश्रणाचे असले, म्हणजे डिस्कवरच्या थरांचे भांडण कमी होते.

थरथरीचे निदान गाडी न पाहता करू नये, पण आपल्याच अभिप्रायात एक ओळ आहे की ट्रॅकवरचे सत्र संपल्यावर पिटच्या (गाड्या थांबवण्याच्या जागेच्या) रांगेत आपण ब्रेक दाबून उभे होतात. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की तिथे त्याचा ठसा उमटतो आणि त्या जागी डिस्कची जाडी किंचित बदलते; लोक त्याला 'डिस्क वाकडी झाली' म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकडी झालेली नसते. शेवटची फेरी सावकाश मारायची आणि गाडी उभी करताना गिअर 'पार्क'वर टाकून चाकाखाली अडणी लावायची, हे आम्ही गाडी देतानाच सांगायला हवे होते. बेडिंग अर्धवट राहिल्यामुळे ठसा आणखी सहज उमटला असेल, म्हणून याचाही भार मी आपल्या एकट्यावर टाकत नाही.

सोमवारी गॅरेज बंद असते. मंगळवारपासून कधीही गाडी आणावी. डायल गेज लावून डिस्कचे मोजमाप आपल्यासमोर करू. ठसाच निघाला तर डिस्क साफ करून, नव्या क्लिप आणि शिम घालून, रविवारी पहाटे आपल्याला शेजारी बसवून बेडिंग पूर्ण करू. डिस्क मर्यादेबाहेर गेली असेल तर नवी लागेल आणि तिचा निम्मा खर्च गॅरेज देईल. या सगळ्याची मजुरी लागणार नाही, आणि मागच्या बिलातली बेडिंगची रक्कम परत मिळेल. आपले जुने पॅड मी फेकलेले नाहीत. ते गाडीचा नंबर टाकलेल्या खोक्यात आहेत. त्यांची पांढुरकी पडून चुरा होणारी कड मी त्या दिवशी घाईत दाखवली नव्हती, ती आता निवांत बघता येईल.