पंपावरची वरात

आमची ॲक्टिवा बायको चालवते आणि मी मागं बसून ‘एक्सिलेटर सोड’ म्हणतो. अठरा वर्षांच्या संसारात कामाची एवढी एकच वाटणी आम्ही दोघांनी मनापासून पाळली आहे. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला केएमटीची बस आडवी येवो, महाद्वार रोडला भर रस्त्यात गाय बसलेली असो, नाहीतर बिनखांबी गणेशापाशी कुणी परगावचा भाविक चारचाकी घालून अडकलेला असो, माझा सल्ला एकच. सोड. ती सोडत नाही. उलट आणखी थोडं पिळते, आणि ज्या फटीतनं उंदीरसुद्धा अंदाज घेऊन जाईल तिथनं मला गुडघ्यासकट बाहेर काढते. हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढं समुद्रावर जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

दिवाळी उलटली आणि मेव्हण्यानं काढलं, “दाजी, मालवणजवळ देवबागला जाऊया. वॉटर स्पोर्ट करूया.”

वास्तविक पाण्याशी खेळायची हौस कोल्हापूरच्या माणसाला नसते. पाणीच आमच्याशी खेळतं. जुलै लागला की आमच्या गल्लीत कुणी ‘काय चाललंय’ असं विचारत नाही, ‘बंधाऱ्यावर किती?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. हे आकडे आमच्याकडं पोराला पाढ्यांच्या आधी येतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर चढलं, पुण्याचा हायवे शिरोलीजवळ बंद झाला, आणि शेवटी नौदलाचे जवान बोटी घेऊन आले. माणसं नौदल बघायला समुद्रावर जातात, आमच्याकडं नौदल घरी आलं. आयुष्यात मी पहिल्यांदा खऱ्या बोटीत बसलो तो तेव्हा. मांडीवर आईची औषधं आणि शेजाऱ्यांचं मांजर. त्या बोटीचे कुणी पैसे मागितले नव्हते, आणि ‘हात वर करा, फोटो काढतो’ असंही कुणी म्हणालं नव्हतं. रंकाळ्यातली पायानं मारायची बोट मी धरत नाही. तिच्यात माणूस बोटीपेक्षा जास्त चालतो.

तरी निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. राधानगरी आल्यावर मी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांवर बोलायला लागलो. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. माझं शिवाजी उद्यमनगरात शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिल, आणि फौंड्रीतनं आलेली बिडाची कास्टिंगं. शेतीपंपाचे इंपेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरून पाणी ढकलणारी चाकं, फिनिश करून देणं हा धंदा. त्यामुळं पाणी कसं उचलतं, कसं ढकलतं, कुठं हवा धरतं, यावर माझ्या तोंडाला झाकण नाही. फोंड्याच्या वळणांवर मुलगी उलटीला आली ती घाटामुळं, असं मी म्हणतो. ती म्हणते, माझ्या व्याख्यानामुळं.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर गाव. नदी समुद्राला मिळते तिथं एक वाळूचा पट्टा वर आलेला आहे, त्याला सगळे सुनामी आयलंड म्हणतात. तिथंच हा सगळा बाजार. टेबलावर एका जाडजूड बाईंनी पाच राइडचं पॅकेज सांगितलं. मी दोन मिनिटं नुसतं बघत उभा राहिलो. बनाना राइडमध्ये पिवळ्या केळ्यावर सहा-सात माणसं बसवून शेवटी ठरवून पाण्यात पाडतात. पैसे देऊन पडायचं हे मला पटेना. बंपरमध्ये माणूस पोत्यासारखा उडतो. त्यातल्या त्यात अब्रूची वाटली ती जेट स्की. बुलेटसारखी बैठक, पुढं हँडल, आणि मागं एक जाणकार पोरगा बसलेला. म्हटलं, आपल्याला हीच.

जेट स्की हे खरं तर कावासाकी कंपनीनं आपल्या गाडीला दिलेलं नाव. डालडा, झेरॉक्स यांच्या पंगतीतलं, एकाचं नाव सगळ्यांना चिकटलेलं. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन मोटारसायकल शर्यतवाल्याच्या डोक्यातली ही कल्पना, कावासाकीनं ती १९७३ साली बाजारात आणली. तेव्हा तिला बैठकच नव्हती, उभ्यानंच चालवायची. मातीत पडून पडून कंटाळलेल्या माणसाला निदान पाण्यात तरी पडावं असं वाटलं असणार, हा माझा आपला अंदाज. पाणी मऊ असतं अशी बहुतेक माणसांची समजूत असते. माझीही होती, त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत.

आधी लाइफ जॅकेट. वरची दोन बक्कलं लागली. तिसरं बक्कल आणि माझं पोट यांच्यात चार बोटांचा वाद होता, तो जॅकेटवाल्या पोरानं गुडघा लावून मिटवला. खाली मांड्यांमधनं घ्यायचा एक पट्टा असतो. तो आवळल्यावर मी जो चालायला लागलो ते बघून मेव्हण्यानं मोबाइल बाहेर काढला.

कमरेएवढ्या पाण्यात गाडी उभी होती. गाईड पोरगा बावीस-तेवीसचा, उन्हानं तांब्यासारखा झालेला. “काका, खंयसून इलास?”

“कोल्हापूर.” आणि लगेच मुद्द्याला हात घातला, “काय रे, हिला पंखा कुठाय?”

बाहेर पंखाच नसतो, हे त्यानं सांगितलं आणि माझे डोळे चमकले. गाडीच्या पोटाखाली जाळी. जाळीतनं पाणी आत ओढलं जातं, आत इंपेलर फिरतो, आणि मागच्या नोझलमधनं ते पाणी जोरात बाहेर फेकलं जातं. त्या धक्क्यानं गाडी पुढं जाते. हँडल फिरवलं की मागचं नोझल फिरतं. उथळ पाण्यात चालू करत नाहीत, कारण मग जाळीतनं वाळू आत जाते.

“अरे, म्हणजे हा आमचा पंपच की!” मी ओरडलोच. “फरक एवढाच, आमचा पंप जागेवर बसतो आणि पाणी जातं. इथं पाणी जागेवर आणि पंप निघाला गावाला!” आणि मग त्याला सांगितलं की आमच्याकडं नदीवरच्या मोटारीत वाळू गेली की इंपेलर कसा खाल्ला जातो, आणि त्या वाळूवरच माझं घर कसं चालतं. सक्शन सांगितलं, पाइपच्या पाण्यातल्या टोकाला बसवायचा फूटव्हॉल्व्ह सांगितला. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, बसा आता.”

मी पुढं, तो मागं, त्याचे हात माझ्या दोन्ही बगलेतनं हँडलवर. माझ्या मनगटाला त्यानं एक वेटोळ्यांची लाल दोरी अडकवली. तिचं दुसरं टोक गाडीच्या बटणात. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद. मला ही योजना फार आवडली. आपल्याला कधी लागणार नाही अशा सगळ्याच योजना आपल्याला आवडतात.

“काय एक होवचा नाय,” तो म्हणाला, आणि आम्ही सुटलो.

पहिलं एक मिनिट मी सुखात होतो, हे कबूल करतो. किनारा मागं गेला, माडांची रांग वाकडी झाली, नदीचं पाणी संपून समुद्राच्या लाटा लागल्या. लाट म्हणजे स्पीडब्रेकरच, फक्त नगरपालिकेनं केलेला नव्हे, त्यामुळं एकसारखा गोल. प्रत्येक लाटेवर गाडी उडायची, मी उडायचो, मग गाडी खाली यायची आणि मी थोड्या वेळानं यायचो. तो मांड्यांमधला पट्टा तेव्हा काय करत होता हे इथं लिहिण्यासारखं नाही.

मग पोरगा म्हणाला, “काका, आता तुमी चालवा,” आणि त्यानं हात काढून घेतले.

आता मुद्दा असा की, हिला पिळायचा एक्सिलेटर नसतो. उजव्या हाताला बोटाखाली एक खटका असतो, तो दाबायचा. म्हणजे मोटारसायकलला जिथं पुढचा ब्रेक, अगदी तिथं. हे त्यानं मला किनाऱ्यावर सांगितलं असणार. मी तेव्हा फूटव्हॉल्व्हवर बोलत होतो.

समोरनं केळं आलं. स्पीडबोटीनं ओढलेलं, वर सात माणसं, सातही जण किंचाळत. अजून बरंच लांब होतं, पण तीस वर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाचा उजवा हात डोक्याची परवानगी घेत नाही. मी कचकन ब्रेक दाबला.

गाडीनं नाक वर केलं आणि केळ्याच्या दिशेनं झेप घेतली.

“काका, तो ब्रेक नाय!”

त्या क्षणी माझ्या अठरा वर्षांच्या तपश्चर्येचं फळ मिळालं. आतनं स्वच्छ आवाज आला, सोड. एक्सिलेटर सोड. मी सोडला. इंजिन एकदम सोज्वळ झालं. मग मी हँडल डावीकडं वळवलं. पार टोकापर्यंत. गाडी सरळ. आणखी जोर लावला. गाडी सरळच. केळ्यावरच्या पुढच्या माणसाच्या तोंडातली सोन्याची दाढ मला दिसायला लागली.

आणि मला कळलं काय झालंय ते. सगळं कळलं, हेच तर वाईट. नोझल वळलं होतं की, पण त्यातनं पाणीच बाहेर पडत नव्हतं. एक्सिलेटर सोडला म्हणजे पंप मंदावला, आणि पंप मंदावला म्हणजे हँडल नुसतं दागिन्यापुरतं. मोटार बंद करून पाइप इकडंतिकडं फिरवणाऱ्या आणि ‘पाणी का पडंना’ म्हणून फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना मी जन्मभर हसत आलोय. आज मी स्वतः त्या पाइपावर बसलो होतो.

“दाबा! दाबा! सोडू नकात!” पोरगा ओरडला, आणि माझ्या हातावरनं स्वतःच दाबला. पंपानं पाणी धरलं. गाडी जागच्या जागी डावीकडं वळली. इतकी सुंदर वळली म्हणून सांगू. मी मात्र आधी ठरल्याप्रमाणे सरळ गेलो.

पाणी मऊ नसतं. त्या वेगात ते शहाबादी फरशीसारखं लागतं, आणि नंतर, तुम्हाला फोडून झाल्यावर, मऊ होतं. लाल दोरी माझ्याबरोबर आली, इंजिन बंद पडलं, योजना शंभर टक्के यशस्वी. जॅकेटनं मला वर आणलं, पण ते स्वतः माझ्यापेक्षा अर्धा फूट जास्त वर आलं, त्यामुळं मी समुद्राकडं कॉलरच्या फटीतनं बघत तरंगत राहिलो. नाकातोंडात जे पाणी गेलं ते पंचगंगेचं नव्हे हे पहिल्याच घोटाला समजलं.

बाजूनं केळं गेलं. सातही जणांनी टाळ्या वाजवल्या.

परत चढायचं ते मागच्या बाजूनं, बाजूनं चढलं तर गाडी कलंडते. पहिल्या प्रयत्नात माझी हनुवटी चढली. दुसऱ्यात छाती गेली आणि पोटानं नकार दिला. तिसऱ्यांदा पोरानं जॅकेटला धरून ओढलं, तेव्हा जॅकेट वर गेलं आणि मी खालीच. चौथ्यांदा त्यानं ‘मोरया’ म्हणून हिसका दिला आणि विसर्जनाची चित्रफीत उलटी लावावी तसा मी पाण्यातनं निघून पाटावर आलो. आलथापालथा. तोंड शेपटाकडं. किनाऱ्यापर्यंतचं उरलेलं अंतर मी तसंच कापलं, नोझलमधनं पडणारं पाणी जवळनं बघत. डिलिव्हरी चांगली होती.

काठावर आल्यावर पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, तुमची अर्धी राइड रवली हा.”

पैसे भरून अर्धं सोडणं आमच्या रक्तात नाही. पण रक्त त्या वेळी कोपराला आणि नडगीला कामात होतं. मी मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हणा मोबाइल पुसत होता.

“मी जातो,” बायको म्हणाली.

पोरानं इकडंतिकडं बघितलं, कोण पुरुष बोलला म्हणून. आमच्याकडं बायका ‘मी जातो, मी खातो’च म्हणतात, हे त्याला सांगायला कुणाला वेळ नव्हता. तिनं पदर खोचला, जॅकेट घातलं, तिन्ही बक्कलं स्वतः लावली, आणि बसायच्या आधी एकच प्रश्न विचारला, “वळवताना काय करायचं?”

“सोडूचा नाय.”

“मग झालं की.”

पुढचं मी टॉवेल पांघरून वाळूत बसून पाहिलं. तिनं सोडला नाही. लाटेवर नाही, वळणावर नाही, केळं परत आलं तेव्हा तर मुळीच नाही. केळ्याच्या भोवती तिनं असा एक फेरा घेतला की मागच्या पाण्याचा फवारा सातही जणांवर गेला. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांचे हात तोंड पुसण्यात होते. माझा एवढाच काय तो सूड. गाईड पोरगा मागं बसून नुसता समुद्र बघत होता. परत आल्यावर त्यानं तिला विचारलं, “काकी, आधी चालवलेली काय?”

“महाद्वार रोडला,” ती म्हणाली.

माझ्या पडण्याची चित्रफीत अकरा सेकंदांची आहे. सोमवारी मी शेडवर पोचायच्या आधी ती पोचली होती. लेथवरचा पोरगा दिवसभर माझ्याकडं पाठ करून काम करत होता, आणि त्याची पाठ हलत होती. दुपारी कागलकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, पाइप सगळीकडं फिरवून बघितला, पाणी पडंना. मी हसलो नाही. मोटार चालू आहे का तेवढं बघा म्हणालो, अगदी मायेनं.

परवा संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला रिक्षा डावीकडनं शिरली, समोर केएमटी, आणि मधे आमची ॲक्टिवा. ‘सो’ माझ्या तोंडातनं बाहेर पडलासुद्धा होता.

बायकोनं मागं न बघता विचारलं, “सोडू?”

मी दोन्ही गुडघे आत घेतले.