हॅम्पडनवरचा एक चेंडू आणि ख्रिस इवेलुमोच्या माथी मारलेले बाकीचे सारे

11 ऑक्टोबर 2008 रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंड आणि नॉर्वे यांच्यात फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना झाला. उत्तरार्धात डाव्या बाजूने गॅरी नेस्मिथने चेंडू गोलपुढे टाकला. बदली खेळाडू म्हणून उतरलेला, राष्ट्रीय संघातून पहिल्यांदाच खेळणारा ख्रिस इवेलुमो गोलपासून जेमतेम तीन यार्डांवर मोकळा उभा होता. समोर गोल उघडा पडला होता आणि चेंडू त्याच्या पायाला लागून बाहेर गेला. सामना 0-0 असा सुटला. त्या काही सेकंदांची चित्रफीत आजही फिरते आणि तिच्यासोबत थोड्याफार फरकाने एकच मजकूर येतो: कोणत्याही क्लबात न टिकलेल्या एका सुमार आघाडीपटूला चुकून देशाची जर्सी मिळाली, त्याने स्कॉटलंडचा 2010 चा विश्वचषक घालवला, त्याच्याऐवजी बाकावरच्या क्रिस बॉइडला उतरवले असते तर गोल झालाच असता, आणि इवेलुमोची कारकीर्द तिथेच संपली.

चेंडू चुकला ही गोष्ट मी नाकारत नाही. तो चुकायला नको होता, आणि त्यावर कोणतेही तांत्रिक पांघरूण घालण्यात अर्थ नाही. इवेलुमोनेही त्यानंतर त्या प्रसंगाविषयी बोलायचे कधी टाळलेले नाही. माझा आक्षेप त्या एका वस्तुस्थितीच्या खुंटीला टांगलेल्या उरलेल्या विधानांना आहे, कारण ती एकेक करून तपासली तर टिकत नाहीत.

सर्वांत गंभीर आरोप विश्वचषक घालवल्याचा आहे आणि सुदैवाने तो गणिताने तपासता येतो. युरोपच्या पात्रता फेरीतील नवव्या गटात नेदरलँड्सने आठही सामने जिंकून 24 गुण मिळवले. नॉर्वे आणि स्कॉटलंड यांचे प्रत्येकी 10 गुण झाले आणि सरस गोलफरकामुळे नॉर्वे दुसरा आला. आता तो चेंडू आत गेला आणि स्कॉटलंड 1-0 असा जिंकला, असे धरू. मग स्कॉटलंडचे 12 गुण, नॉर्वेचे 9, आणि स्कॉटलंड दुसरा. मजकूर लिहिणारे इथेच थांबतात. परंतु त्या वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या नऊ संघांपैकी आठांनाच प्लेऑफमध्ये, म्हणजे विश्वचषकाच्या उरलेल्या जागांसाठीच्या दोन-दोन सामन्यांच्या लढतींत, प्रवेश होता, आणि सर्वांत कमी कामगिरीचा नववा संघ घरी जाणार होता. प्रत्यक्षात तो नववा संघ नॉर्वे ठरला, म्हणजे या गटातून दुसऱ्या आलेल्या संघालाही काहीच मिळाले नाही. या गटात पाच, तर बाकीच्या गटांत सहा संघ असल्यामुळे तुलना करताना तळाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळले जात. त्या हिशेबाने आठव्या स्थानावर आयर्लंड होता, 12 गुण आणि 8-6 असे गोल, म्हणजे अधिक दोनचा गोलफरक. स्कॉटलंडने आठ सामन्यांत 6 गोल केले होते आणि 11 स्वीकारले होते. त्यात इवेलुमोचा एक गोल मिळवला तरी फरक उणे चारच राहतो. गुण सारखे झाले असते आणि पुढे आयर्लंडच गेला असता. केवळ त्या सामन्याच्या जोरावर आयर्लंडला मागे टाकायचे, तर स्कॉटलंडला नॉर्वेविरुद्ध किमान सात गोलांनी जिंकावे लागले असते, आणि त्यानंतरही हाती विश्वचषक नव्हे, तर प्लेऑफचे दोन सामने आले असते. (त्या प्लेऑफमध्ये पॅरिसला फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवून घडवलेल्या गोलाने आयर्लंडचे काय केले, हे फुटबॉल पाहणाऱ्यांना सांगायला नको.)

एक विजय मिळाला असता तर पुढचे सामने वेगळ्या आत्मविश्वासाने खेळले गेले असते, असे कोणी म्हटले तर ते मला खोडता येणार नाही, पण सिद्ध करणेही कोणाला जमणार नाही. ज्या नोंदी आहेत त्या अशा: स्कॉटलंड पहिलाच सामना मॅसेडोनियात 1-0 असा हरला होता, आणि ऑगस्ट 2009 मध्ये ऑस्लोत नॉर्वेकडून 4-0 असा हरला. हा चार गोलांचा पराभव चित्रफितीत मावत नाही, म्हणून तो कोणाला आठवत नाही.

‘चुकून जर्सी मिळाली’ हे विधान तर निव्वळ अज्ञानातून आलेले आहे. स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजमध्ये जन्मलेल्या इवेलुमोला तिशी गाठल्यावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला, कारण त्याचा खेळ उशिरा फुलला. 2005-06 मध्ये कोल्चेस्टर युनायटेडने लीग वनमधून (इंग्लंडची तिसरी श्रेणी) चॅम्पियनशिपमध्ये (दुसरी श्रेणी) बढती मिळवली, तेव्हा त्याचे लीगमध्ये 17 गोल होते. पुढच्या मोसमात, एक श्रेणी वर, त्याने 18 केले. लेयर रोडच्या चिमुकल्या मैदानावर खेळणारा तो क्लब तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये दहावा आला, त्याच्या इतिहासातील सर्वोच्च स्थानावर. त्याच मोसमात हल सिटीला 5-1 असे हरवताना एकट्या इवेलुमोने चार गोल केले. त्याचा सहकारी जेमी क्युरटनच्या 23 गोलांचे कौतुक त्या वेळी अधिक झाले आणि ते योग्यही होते, पण सहा फुटांहून उंच असलेला इवेलुमो बचावपटूंना अंगावर घेत होता म्हणून क्युरटनला मोकळी जागा मिळत होती, हेही विसरू नये. नंतर चार्ल्टनकडून त्याने 10 गोल केले आणि 2008 मध्ये तो वुल्व्ह्ज (वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स) या क्लबाकडे गेला. स्कॉटलंडचे व्यवस्थापक जॉर्ज बर्ली यांनी त्याला बोलावले तेव्हा तो चॅम्पियनशिपच्या अग्रस्थानासाठी झुंजणाऱ्या संघाचा नियमित गोल करणारा खेळाडू होता. तो मोसम त्याने 14 लीग गोलांवर संपवला आणि वुल्व्ह्ज विजेते म्हणून प्रीमियर लीगमध्ये गेले.

बॉइडविषयीच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. रेंजर्सकडून गोलांचा पाऊस पाडणारा बॉइड बाकावर बसून होता, बर्ली यांनी जेम्स मॅकफॅडनच्या जागी इवेलुमोला उतरवले, आणि सामन्यानंतर बॉइडने बर्ली असेपर्यंत देशासाठी खेळणार नाही असे जाहीर केले. निवडीवर मतभेद असू शकतात. मात्र एक आघाडीपटू अस्सल आणि दुसरा सुमार, असे चित्र रंगवणाऱ्यांनी 2010-11 चा मोसम पाहावा. त्या वर्षी दोघेही चॅम्पियनशिपमध्येच खेळत होते. बॉइडने मिडल्झब्रो आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट मिळून 12 लीग गोल केले, इवेलुमोने एकट्या बर्नलीकडून 11.

या आकड्यांनी शेवटच्या आरोपाचाही निकाल लागतो. हॅम्पडननंतर ज्याची कारकीर्द ‘संपली’, त्याने त्याच मोसमात विजेतेपद मिळवले, पुढे बर्नलीत वर्षभर गोल केले, वॉटफर्डकडून खेळला, आणि स्कॉटलंडसाठीही पुन्हा उतरला. त्याचे एकूण आंतरराष्ट्रीय सामने चार आहेत. गोल एकही नाही, हेही खरे.

राहिला फिरस्तेपणाचा मुद्दा. सेंट मिरेन, डेन्मार्कमधील ऑरहूस फ्रेमाड, स्टोक सिटी, तिथून लोनवर (तात्पुरता उसना) यॉर्क आणि चेल्टनहॅम, मग ब्राइटन, जर्मनीतील आखेन, कोल्चेस्टर आणि पुढचे सारे. यादी लांबलचक आहे आणि ती वाचून ‘कोणालाच नको होता’ असे वाटू शकते. खालच्या श्रेणींची रीत ठाऊक असणाऱ्याला तसे वाटणार नाही. तिथे करार एक-दोन वर्षांचे असतात, व्यवस्थापक बदलला की आघाडीची फळी बदलते, आणि करार संपलेला खेळाडू युरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालापासून हस्तांतर शुल्काविना जाऊ शकतो. नको असलेल्या खेळाडूला विसाव्या वर्षी परक्या देशात कोणी नेत नाही, आणि अठरा वर्षे लागोपाठ नवा करारही देत नाही. आखेनमध्ये त्याचा जम बसला नाही, हे मान्य. पण ब्राइटनचे उदाहरण घ्या. 2004 च्या वसंतात तो तिथे जेमतेम मोसम संपेपर्यंतच्या मुदतीसाठी आला होता. 30 मे रोजी कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर ब्रिस्टल सिटीविरुद्ध बढतीसाठीच्या प्लेऑफचा अंतिम सामना 0-0 वर अडकलेला असताना, अखेरच्या काही मिनिटांत पेनल्टी क्षेत्रात इवेलुमोला पाडण्यात आले. ब्राइटनच्या लिऑन नाइटने पेनल्टी मारली आणि ब्राइटन 1-0 असे जिंकून वरच्या श्रेणीत गेले. गोल नाइटच्या नावावर आहे, म्हणून इवेलुमोच्या आकडेवारीत त्या दुपारची काहीच नोंद नाही.