नुसतं छोटं असून भागत नाही

छोट्या वस्तू तान्ह्या बाळासारख्या गोंडस दिसतात म्हणून आवडतात, असं एका लेखात वाचलं. मला ते अर्धंच पटतं. भातुकलीतला पितळी बंब घ्या. नुसता आकार बंबाचा असेल तर बघून आपण पुढे जातो. पण तोटी फिरते, मधल्या नळीत खरंच कोळसा टाकता येतो असं दिसलं की हात आपसूक पुढे होतो. सोऱ्याचंही तेच. बोटाएवढा असला तरी शेवेची चकती वेगळी आणि चकलीची वेगळी हवी!

इंग्लंडच्या विंडसर कॅसल या राजवाड्यातलं क्वीन मेरीचं बाहुलीघर म्हणजे तर याची कमाल. १९२१ ते १९२४ या काळात ते तयार झालं. आराखडा एडविन लट्यन्स यांचा (नवी दिल्लीचा आराखडा करणारे वास्तुविशारद तेच), प्रमाण १:१२. नळांना गरम-गार पाणी, विजेचे दिवे, चालणाऱ्या लिफ्ट, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन. जिथे कुणी राहणारच नाही त्या घरासाठी एवढा जीव ओतलाय! कारागिराने कुठेही अंगचोरपणा केलेला नाही, हे जाणवतं आणि मन भरून येतं.

झाकणही न उघडणारे प्लॅस्टिकचे सेट मुलांना देऊ नका हो. पुण्याच्या तुळशीबागेत पितळेची भातुकली अजून मिळते, दोनच भांडी घ्या पण ती घ्या.