फिरू द्या तिला!
पहिल्या बाळाची वाट पाहणारं जोडपं सासू-सासऱ्यांसह महाबळेश्वरला गेलं, तर नातेवाइकांनी ‘आता घरी बसा’ म्हणून टोकलं, हे लेखात वाचून फार वाईट वाटलं. अहो, आपल्याकडे डोहाळजेवणं बागेत, चांदण्यात, नावेतसुद्धा होत आलीत की! डॉक्टरांचा होकार असेल तर चौथा ते सहावा महिना फिरायला उत्तम. मळमळ बहुधा ओसरलेली असते, पोटही फार जड नसतं. फक्त सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घ्यावा. दर दोनेक तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, कारण गरोदरपणात पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आणि सुनेसाठी आठवणीनं लिंबाचं लोणचं बांधून नेणाऱ्या त्या सासूबाई मला फार आवडल्या!