विट्याच्या ताईंना उत्तर : गाडी ऑनलाइन निवडा, पण चालवल्याशिवाय घेऊ नका

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला राग रास्त आहे, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'जुनी गाडी न बघता ऑनलाइन घेऊ नका' या माझ्या लेखावर विट्याच्या एका शिक्षिकांनी लिहिलं आहे की हा सल्ला पुण्यात राहणाऱ्याला किंवा गॅरेजवाला ओळखीचा असलेल्या पुरुषाला द्यायला सोपा आहे. त्यांचं म्हणणं असं : 'आमच्याकडे मोजक्या गाड्या, त्याही एजंटांच्या हातात. बाई एकटी गेली की तिला गाडीचा रंग दाखवतात आणि किंमत सोबतच्या पुरुषाला सांगतात. ऑनलाइन कंपनी दोनशे मुद्द्यांचा रिपोर्ट देते, वॉरंटी देते, सात दिवसांत गाडी परत घेते. त्यांच्या इंजिनिअरला कळलं नाही असं मला बघून काय कळणार?'

एजंटांबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. सांगलीतही तेच चालतं. बाईने बॉनेट उघडायला सांगितलं की 'ताई, इंजिन एकदम ओके आहे' म्हणून विषय संपवतात. हा अपमान टाळण्यासाठी कुणी फोनवरून गाडी निवडत असेल, तर त्या निवडीला माझा विरोध नाही. माझा आग्रह एवढाच आहे की निवड फोनवर करा, पण पैसे पूर्ण देण्याआधी तासभर ती गाडी तुम्ही स्वतः चालवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. रिपोर्टमध्ये 'क्लच : ठीक' असं लिहिलेलं असतं. तो किती वर येऊन धरतो, शाळा सुटल्यावरच्या गर्दीत अर्धा तास दाबत राहिलं तर तुमचा गुडघा दुखतो का, हे त्यात नसतं. सीट पूर्ण वर घेऊनही बॉनेटचा कोपरा दिसतो का, रिव्हर्स घेताना मान वळवून मागचं दिसतं का, स्टेअरिंग तुमच्या हाताला जड जातं का, हे इंजिनिअरला कळायचं कारणच नाही, कारण ती गाडी तो रोज चालवणार नाही. गाडीत एकही दोष नसेल आणि तरी ती तुमच्यासाठी चुकीची असेल, हे अगदी शक्य आहे. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे फक्त खोड शोधणं असं आपण धरून चालतो आणि निम्मा उपयोग सोडून देतो.

खोडीही असतातच. थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, हे बघायचं तर गाडी आधीपासून चालू करून ठेवलेली नको. बॉनेटला हात लावला की कळतं. गरम लागलं तर थांबा, पुन्हा गार होऊ द्या. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना गिअर अडतो का, मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकं सोडलं की गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेकवर पाय ठेवला की पेडल थरथरतं का, खड्ड्यातून जाताना पुढून 'कट' असा आवाज येतो का. यातल्या एकाही गोष्टीला इंजिनिअर असावं लागत नाही. काच वर, रेडिओ बंद आणि शेजारी बसून बडबडणारा विक्रेता गप्प, एवढं असलं की पुरे.

पाण्यात गेलेल्या गाडीबद्दल मात्र मी सगळ्यात जास्त अडून बसतो, कारण मी सांगलीत राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सगळीकडे गाड्या जागच्या जागी बुडाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा आपल्याकडे. गाडीच्या विमा रकमेच्या पाऊणपटीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त निघाला की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते आणि ती भंगार म्हणून विकली जाते. त्यातल्या काही गाड्या खोलून, वाळवून, सीट कव्हर बदलून पुन्हा बाजारात येतात. अशी गाडी पहिले काही महिने व्यवस्थित चालते. मग वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज धरतो आणि कधी पॉवर विंडो, कधी एअरबॅगचा दिवा, कधी सेन्सर अशी कामं निघत राहतात.

फोटोत वास येत नाही, ताई. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहिलेली असते, कारण तो भाग सहसा कुणी धूत नाही. डिकीत स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत गाळ आहे का बघा. पुढची सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट गंजलेत का, चटई उचलल्यावर कुबट वास येतो का, हेडलाइटच्या काचेत आतून आडवा डाग आहे का, तेही बघा. कंपनीच्या चांगल्या तपासणीत हे सगळं येतं, ते मी मान्य करतो. पण या पाच मिनिटांच्या कामासाठी दुसऱ्याच्या सहीवर विसंबायचं कारण नाही.

घरबसल्या करायची एक तपासणीही आहे. जुन्या मालकाची विमा पॉलिसी मागा आणि 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे ते वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीवर तो शून्य दिसला, तर मध्ये क्लेम झालाय किंवा पॉलिसी तुटली होती. कशाचा क्लेम, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सात दिवसांत परत करायच्या सोयीकडे तुमच्या वेळापत्रकातून बघा. शाळा सोमवार ते शनिवार. म्हणजे हातात एक रविवार. परतीच्या अटींत बहुतेक वेळा किलोमीटरची मर्यादाही असते. कर्ज काढलं असेल तर गाडी परत केल्यावर बँकेचा व्यवहार मिटवण्यात वेगळा मनस्ताप. सोय चांगलीच आहे, ती असलेली कंपनी नसलेल्यापेक्षा नक्कीच बरी. पण ती आधी चालवून बघण्याची जागा घेऊ शकत नाही.

'कंपनीने फसवलं तर कोर्ट तरी आहे', असं तुम्ही लिहिलंत. तेही खरं, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच तक्रार करता येते. मात्र इथे एक फरक सांभाळा. स्वतःच्या नावाने गाडी विकणारी कंपनी वेगळी आणि जिथे कुणीही गाडीचा फोटो टाकू शकतो ते जाहिरातींचं संकेतस्थळ वेगळं. दुसऱ्या ठिकाणी विकणारा हा तुमच्या-माझ्यासारखा खासगी माणूस असतो, त्याच्यावर ग्राहक कायदा चालत नाही. 'मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी पार्किंगमध्ये आहे, वाहतुकीचे पैसे आधी पाठवा' हा सापळाही तिथलाच. कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

कंपनी असो की डीलर, त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी तो नियम आहे. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ हवा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. विमाही १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचं, संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीतून मिळत नाही. दिल्लीची डिझेल गाडी फार स्वस्त दिसली तर वय बघा. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या बाहेर विकायला निघतात, आणि इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर हे सगळं तुमच्या माथी येतं.

आता तो एक तास मिळवायचा कसा, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. फोनवर दोन-तीन गाड्या पक्क्या करा, त्या एकाच केंद्रात असतील अशा बघा आणि एक रविवार पुण्यासाठी काढा. टोकन द्यावं लागलं तर ते परत मिळतं, हे लेखी घ्या. सोबत कुणी न्यायचं असेल तर तुमच्या गाडीचं काम करणारा मिस्त्री न्या, त्याला दिवसाची मजुरी द्या. त्याला बोलायला लावू नका, प्रश्न तुम्हीच विचारा. गाडी पसंत पडली तर ट्रेलरवरून मागवू नका, स्वतः चालवत आणा. पुण्याहून येताना खंबाटकीच्या जुन्या घाटरस्त्याने चढा, एसी चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. इंजिन तापतं का, चढावर गाडी ओढते का, हे घाट सांगतो, आणि परतीची मुदत अजून पूर्ण हातात असते.

पुण्याला जाणं अजिबातच शक्य नसेल, तर गाडी दारात आल्यावर ताबा घेतल्याची सही लगेच करू नका. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा, सीट बेल्ट ओढून बघा, गावाबाहेर एक चक्कर मारून या. आणणारा माणूस घाई करेल. त्याला चहा द्या आणि थांबायला सांगा.

तुम्ही निवडलेल्या गाडीचा रिपोर्ट मला पाठवलात तर मी नीट वाचून काय विचारायचं ते लिहून देईन. गाडीचा नंबर आणि जुन्या मालकाचं नाव झाकून पाठवा.