दीड इंचावरून

माझा डेटा फेकून दिलाय. भाचीनं काल फोनवर, भाजी आणायला सांगावी तितक्या सहज सांगितलं, "मामा, तुझं रीडिंग आउटलायर निघालं, म्हणजे बाकीच्यांत न बसणारं. काढून टाकलं." ज्या रीडिंगपायी माझा गुडघा अजून निळा आहे, ते!

व्हीआर, म्हणजे हेडसेटमधलं आभासी जग, पाहताना माणसाला आपण 'तिथंच' आहोत असं किती वाटतं, हे मोजायचा तिच्या कॉलेजातला प्रकल्प. डोक्यावर हेडसेट, बोटांना ठोके मोजणारे चिमटे, समोर उंच इमारतीच्या गच्चीतून बाहेर काढलेली फळी. पायाखाली खरीच फळी, दीड इंच जाडीची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 2002 च्या सुमारास अशाच दीड इंचावर माणसं उभी करून, समोर खोल खड्डा दाखवून ठोके मोजले होते म्हणे. म्हणजे घाबरणारा मी पहिला नव्हे.

पण तिथं स्टुलावर शेंगा सोलत बसलेले शिपाईकाका नसावेत.

"साहेब, खाली फरशी आहे."

"माहीत आहे."

"मग बसलात का?"

"बसलो नाही. तोल सांभाळतोय."

"चारी पायांवर?" टरफल फुटल्याचा आवाज. "सकाळी पासष्टीच्या एक बाई आल्या होत्या. टोकापर्यंत गेल्या, म्हणाल्या इथून पर्वती दिसत नाही वाटतं."

मी गप्प. चाळीस मजल्यांवरून माणूस काय बोलणार?

"मघाशी नुसतं 'आई' म्हणालात, की 'आई गं'? ताईंना लिहून घ्यायचंय."

ताईंना असलं काही नको होतं, हे नंतर कळलं.

मग फॉर्म. 'ती जागा पाहिलेल्या चित्रासारखी आठवते, की जाऊन आलेल्या ठिकाणासारखी?' 1 म्हणजे नुसतं चित्र, 7 म्हणजे खरं ठिकाण. काका मानेवरून डोकावत होते. मी 2 वर खूण केली. बोटाच्या चिमट्यानं 118 ठोके नोंदवले होते, त्याला मी काय करू?

आणि या फॉर्मांचं तरी एवढं काय कौतुक? मेल स्लेटर नावाच्या संशोधकानं 2004 साली लोकांना कालचा दिवस किती 'रंगीत' होता, असं विचारलं. असला काही गुणच नाही, त्यानं तो मनानं रचलेला. तरी उत्तरांतून छान संबंध निघाले! विचारलं की माणूस आकडा देतोच. मल्टिप्लेक्समध्ये मात्र कुणी विचारत नाही. तिकिटाचे साडेतीनशे मोजून, ऐन अंत्यसंस्काराच्या प्रसंगात शेजारचा मोबाइल उजळून 'हां बोल' म्हणतो, तेव्हा मी कुठं असतो ते विचारा की! सातपैकी उणे देईन.

"ठोके एक सांगतात, फॉर्म दुसरंच. असा माणूस सरासरी बिघडवतो," भाची म्हणाली.

"मग माझ्या जागी कोण?"

"एक जण कमी पडत होता, म्हणून काकांना बसवलं. ठोके 72, सगळ्या प्रश्नांना 4. इतका स्वच्छ डेटा कुणाचाच नाही आला, मामा."

शेंगा सोलतानाच भरला असणार फॉर्म.